फ्रेंच नाम ‘कू’: कसे ओळखावे, कसे वापरावे

फ्रेंच शिकायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच एक छोटेसे पुल्लिंगी नाम छळू लागते. सी, ओ, यू, पी अशी चार अक्षरे, उच्चार नुसता ‘कू’, आणि शब्दकोशात पहिला अर्थ ‘प्रहार’ किंवा ‘फटका’. एवढ्याच भांडवलावर मजकूर वाचायला घेतला, तर फोन करणारा माणूस तारेचा फटका देताना दिसतो, मदतीला धावून येणारा हाताचा फटका देतो, प्रेमात पडणाऱ्यावर वीज कोसळते आणि दोन मित्र संध्याकाळी भेटून ‘एक फटका पितात’. मोठ्या शब्दकोशात या नोंदीखाली अर्थांची लांबच लांब रांग लागलेली असते. ती पाठ करण्याचा प्रयत्न मी एकदा केला आणि चौथ्या दिवशी सोडून दिला. मराठी वाचकाला याहून सोपी वाट उपलब्ध आहे, आणि ती आपल्या ‘मारणे’ या क्रियापदातून जाते.

आपण हाक मारतो, फेरी मारतो, मिठी मारतो, उडी मारतो, डोळा मारतो, झाडू मारतो, इस्त्री मारतो, पाण्याचा घोट मारतो. यांपैकी एकाही ठिकाणी कोणाला मार बसत नाही. या सगळ्यांत समान असते ती कृतीची घडण: ती एका झटक्यात होते, थोडक्यात आटोपते आणि तिला स्पष्ट सुरुवात व शेवट असतो. फ्रेंचमधला ‘कू’ नेमके हेच काम करतो. फरक इतकाच, की मराठीने हा भार क्रियापदावर टाकला आहे, तर फ्रेंचने तो नामावर टाकला आहे. म्हणून फ्रेंच वाक्यात क्रियापद बहुधा ‘दोने’ म्हणजे ‘देणे’ यासारखे साधे असते आणि वाक्याचा सगळा रंग ‘कू’ आणि त्याच्या मागून येणाऱ्या शब्दात असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचे निम्मे काम आपोआप होते.

वापराकडे वळण्यापूर्वी उच्चार पक्का करून घ्यावा, कारण येथे चूक महागात पडते. शेवटचा ‘पी’ कधीही उच्चारला जात नाही. अनेकवचनात ‘एस’ लागतो, पण तोही एरवी ऐकू येत नाही, त्यामुळे ‘अँ कू’ म्हणजे एक आणि ‘दे कू’ म्हणजे अनेक, हे कानाला आधीच्या शब्दावरूनच कळते. स्वर मात्र सरळ मराठी दीर्घ ‘ऊ’ आहे, आणि या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. धोका उद्भवतो तो अतिउत्साहामुळे. फ्रेंचमध्ये ‘ऊ’सारखे ओठ करून जिभेने ‘ई’ म्हणायचा एक वेगळा स्वर आहे. तो नुकताच शिकलेला विद्यार्थी प्रत्येक शब्दात तोच घालू पाहतो, आणि ‘कू’च्या जागी जो शब्द तोंडून निघतो त्याचा अर्थ ‘ढुंगण’ असा होतो. ‘मेर्सी बोकू’ म्हणजे ‘फार आभार’ हे वाक्य अशा रीतीने बिघडवणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात आणि शिक्षक बहुतेक वेळा हसू आवरून धरतात. सरावासाठी ‘द्यू कू’ ही शब्दजोडी उत्तम आहे. तिच्या पहिल्या शब्दात तो अवघड स्वर आहे आणि दुसऱ्यात आपला घरचा ‘ऊ’. आरशासमोर उभे राहून ही जोडी म्हटली, तर ओठ जवळजवळ जागचे हलत नाहीत आणि फक्त जीभ पुढून मागे सरकते, हे जाणवते.

कानाची आणखी एक अडचण आहे. ‘मान’ या अर्थाचा शब्द, ‘खर्च’ या अर्थाचा शब्द आणि ‘तो शिवतो’ या अर्थाचे क्रियारूप, या तिघांचाही उच्चार ‘कू’ असाच होतो. लिहिताना तिघे वेगळे दिसतात, ऐकताना मात्र केवळ संदर्भावर भिस्त ठेवावी लागते. ‘कूप’ हा स्त्रीलिंगी शब्द तर सर्वस्वी वेगळा आहे. त्याचा अर्थ चषक किंवा कापण्याची क्रिया असा असून फुटबॉलच्या विश्वचषकाच्या नावात तोच येतो.

‘कू’चा उगम उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कोल्पुस’मध्ये आहे आणि त्यामागे ‘थप्पड’ किंवा ‘ठोसा’ या अर्थाचा ग्रीक ‘कोलाफोस’ आहे. म्हणजे मूळ अर्थ मारण्याचाच. रोज शंभरदा कानांवर पडणारा ‘बोकू’, म्हणजे ‘पुष्कळ’, हा शब्दही यातूनच घडला आहे: ‘बो’ म्हणजे छान, मोठा, आणि ‘कू’ म्हणजे फटका. ‘चांगलाच फटका’ या अर्थापासून निघून शब्द ‘पुष्कळ’पर्यंत पोहोचला, याचे मराठी माणसाला नवल वाटू नये. आपणही ‘सपाटून’ भूक लागल्याचे सांगतोच.

आता प्रत्यक्ष वापर. सर्वांत फलदायी साचा म्हणजे ‘कू’ अधिक ‘द’ अधिक एखादे हत्यार किंवा साधन. ‘द’ म्हणजे ‘चा’, आणि त्यानंतर येणाऱ्या नामाला उपपद लागत नाही. ‘दोने अँ कू द बाले’ म्हणजे शब्दशः ‘झाडूचा फटका देणे’, पण खरा अर्थ झाडू मारणे. त्याच रीतीने ‘कू द फेर’ म्हणजे इस्त्री मारणे, ‘कू द फ्रँ’ म्हणजे ब्रेक मारणे, ‘कू द शिफों’ म्हणजे फडके मारणे आणि ‘कू द पेन्य’ म्हणजे कंगवा फिरवणे. मराठीशी जुळणी इतकी नेमकी आहे की भाषांतर करताना हात थांबतच नाही. येथे एक बारकावा मात्र सांभाळावा. ‘झाडणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद ‘बालेये’ फ्रेंचमध्ये आहेच, मग ‘कू’ कशाला? तर ‘बालेये’ म्हणजे रीतसर झाडून काढणे, आणि ‘कू द बाले’ म्हणजे पाहुणे यायच्या आत घाईघाईने झाडूचा हात फिरवणे. कृती हलकी, पटकन उरकणारी आणि किंचित घरगुती असल्याचे ‘कू’ सुचवतो. हाच ‘झाडूचा फटका’ एखाद्या कचेरीत नव्या प्रमुखाने दिला, तर त्याचा अर्थ माणसे काढून टाकणे असा होतो, आणि तो काही हलका राहत नाही.

साधनाच्या जागी शरीराचा अवयव आला की थोडे जपून वाचावे. ‘कू द पिए’ म्हणजे लाथ, ‘कू द प्वँ’ म्हणजे ठोसा आणि ‘कू द कूद’ म्हणजे कोपराने ढोसणे. हे सरळ अर्थ झाले. ‘कू द पूस’, म्हणजे अंगठ्याचा फटका, ही मात्र छोटीशी मदत असते: अडलेल्या गाडीला थोडा रेटा द्यावा तशी. ‘कू द तेत’, डोक्याचा फटका, याचे तर दोन्ही अर्थ जिवंत आहेत. डोक्याने मारलेली धडक हा एक अर्थ, आणि आधी ‘स्यूर अँ’ लावून ‘स्यूर अँ कू द तेत’ म्हटले, तर तिरमिरीत, मागचापुढचा विचार न करता, हा दुसरा. एखाद्याने ‘स्यूर अँ कू द तेत’ नोकरी सोडली असे लिहिले असेल, तर कोणाच्याही कपाळाला टेंगूळ आलेले नसते. 9 जुलै 2006 रोजी बर्लिनमध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने इटलीच्या मार्को मातेराझ्झीच्या छातीवर डोके आपटले आणि लाल कार्ड पाहून मैदान सोडले. ती धडक पहिल्या अर्थाने ‘कू द तेत’ होती, आणि ज्या क्षणिक संतापात ती घडली तो पाहता दुसऱ्याही अर्थाने होती. दोन्ही अर्थ एकत्र लक्षात ठेवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तीन शब्दसमूह तर पहिल्याच आठवड्यात तोंडी बसवावेत, कारण त्यांच्यावाचून बोलणे पुढे सरकत नाही. ‘कू द मँ’, हाताचा फटका, म्हणजे मदतीचा हात. ‘कू द फिल’, तारेचा फटका, म्हणजे फोन. तार केव्हाच गेली, शब्द राहिला. ‘कू दय्’, डोळ्याचा फटका, म्हणजे ओझरती नजर. मात्र या तिघांचे क्रियापद एक नाही, आणि परक्या माणसाची चूक येथेच पकडली जाते. मदत ‘दिली’ जाते, म्हणून ‘दोने अँ कू द मँ’. फोन बहुधा ‘पासे’ म्हणजे ‘पुढे करणे’ या क्रियापदाने केला जातो, म्हणून ‘पासे अँ कू द फिल’. नजर तर मराठीप्रमाणेच ‘टाकली’ जाते: ‘झते अँ कू दय्’, कारण ‘झते’ म्हणजे फेकणे, टाकणे. अनेकवचन करताना बदल फक्त ‘कू’मध्ये होतो आणि मागचा शब्द आहे तसाच राहतो. दहा वेळा नजर टाकली, तरी त्या समूहात डोळा एकच असतो.

या तिन्हींचा सूर अनौपचारिक आहे. घरमालकाला, बँकेला किंवा सरकारी कार्यालयाला पत्र लिहिताना ‘कू द फिल’ लिहू नये. तेथे ‘तेलेफोने’ हे सरळ क्रियापद शोभते, आणि मदतीसाठी ‘एदे’. उलट शेजाऱ्याला सामान उचलू लागायचे असेल, तर ‘एदे’ किंचित कोरडे वाटते आणि ‘कू द मँ’मध्ये आपुलकी येते. ‘कू द मँ’ला एक जुना लष्करी अर्थही आहे: अचानक घातलेला छापा. इंग्रजीने नेमका तोच अर्थ उचलला, त्यामुळे इंग्रजीमार्गे आलेल्या वाचकाला मदत मागणारा शेजारी छापा घालायला निघाल्याचा भास होऊ शकतो.

निसर्गाचे फटके हा वेगळा गट. येथे माणूस करणारा नसतो, सोसणारा असतो, म्हणून क्रियापदही ‘घेणे’ किंवा ‘असणे’ या धर्तीचे येते. ‘प्राँद्र अँ कू द सोलेय’ म्हणजे उन्हाने कातडी लाल होणे, सोलवटणे. याचे भाषांतर ‘उष्माघात’ असे केलेले मी पाहिले आहे, पण आजच्या फ्रेंचमध्ये ते चूक आहे. उष्माघातासाठी ‘कू द शालर’ असा वेगळा शब्दसमूह आहे, आणि डॉक्टरपुढे या दोहोंची गल्लत करणे बरे नव्हे. ‘कू द फूद्र’, विजेचा लोळ, म्हणजे पहिल्याच नजरेत जडलेले प्रेम. माणसावर, घरावर, क्वचित एखाद्या बुटांच्या जोडावरही. ‘कू द वाँ’ म्हणजे वाऱ्याचा झोत. समुद्रावरच्या हवामान अंदाजात तो ढिसाळ शब्द नसून वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफोर्ट मापनश्रेणीच्या 8 व्या पायरीचे ते फ्रेंच नाव आहे. हाच झोत रोजच्या बोलण्यात आला, की ‘आँ कू द वाँ’ येऊन गेलेला माणूस म्हणजे वाऱ्यासारखा आला आणि गेला, चहालाही थांबला नाही.

एक व्याकरणाची खूण येथे सांगावीशी वाटते, कारण ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच स्पष्ट केलेली असते. ‘द’नंतर उपपद नसेल, तर फटक्याचा प्रकार सांगितलेला असतो. उपपद आले, म्हणजे ‘द्यू’ किंवा ‘द ला’ असे रूप दिसले, तर बहुधा सर्वांच्या ओळखीचा एखादा ठरलेला डाव किंवा ठरलेली घटना अभिप्रेत असते. ‘फेर ल कू द ला पान’ म्हणजे ‘गाडी बंद पडल्याचा डाव टाकणे’: निर्जन रस्त्यावर गाडी मुद्दाम थांबवून सोबतच्या व्यक्तीबरोबर एकांत साधणारा जुना बहाणा. ‘कू द्यू लापँ’, सशाचा फटका, म्हणजे मोटारीच्या धडकेत मानेला बसणारा हिसका. सशाला मानेमागे एक फटका देऊन मारत असत, त्यावरून हे नाव पडले. येथे मानही ‘कू’ आणि फटकाही ‘कू’, त्यामुळे ऐकणाऱ्याची तारांबळ उडते.

विशेषनामाने बनलेला ‘कू द झार्नाक’ हा तर इतिहासाचा तुकडा आहे. 10 जुलै 1547 रोजी सँ-झेरमँ-आँ-ले येथे राजा दुसरा आँरी याच्यासमोर झालेल्या द्वंद्वयुद्धात झार्नाकचा सरदार गी शाबो याने आपल्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यामागच्या शिरेवर अनपेक्षित वार केला आणि तो कोसळला. वार नियमात बसणारा होता, पण पुढे लोकांच्या तोंडी या शब्दसमूहाला ‘दगलबाज वार’ असा अर्थ चिकटला. शाबोवर हा अन्यायच झाला. आज वृत्तपत्रांत एका राजकारण्याने दुसऱ्याला असा फटका दिल्याचे वाचले, तर तो पाठीत खंजीर खुपसण्याच्या जवळचा समजावा.

‘द’ न घेता थेट विशेषण घेणारे समूह मोजके आणि सोपे आहेत. ‘कू ड्वा’ असे चुकीचे न म्हणता ‘कू द्र्वा’ म्हणावे. तो टेनिसमधला फोरहँड. ‘कू फ्राँ’ म्हणजे फुटबॉलमधली फ्री किक, ‘कू बा’ म्हणजे कमरेखालचा वार आणि ‘कू द्यूर’ म्हणजे आयुष्यात बसलेला जबर फटका. बुद्धिबळात ‘कू’ म्हणजे चाल. घड्याळाचा ठोकाही ‘कू’च, आणि जुन्या परंपरेने नाटक सुरू होण्यापूर्वी ‘ब्रिगादिए’ नावाच्या दांडक्याने रंगमंचावर दिले जाणारे तीन ठोकेही ‘कू’. मराठीत फटका, ठोका, टोला, घोट, चाल, डाव असे शब्द वाटून घेतलेले काम फ्रेंचमध्ये हा एकटा शब्द करतो. म्हणून भाषांतर करताना एकाच मराठी शब्दाला चिकटून राहू नये.

वेळ दाखवणारे समूह अधिक कसोटी पाहतात, कारण तेथे फटका पूर्णपणे विरघळलेला असतो. ‘तूताकू’ म्हणजे अचानक. ‘तू दँ कू’ म्हणजे मुळात एका फटक्यात, एकाच दमात. चोखंदळ लेखक हा भेद अजून पाळतात, बोलण्यात मात्र दोन्ही ‘अचानक’ याच अर्थाने चालतात. ‘द्यू प्रम्ये कू’ म्हणजे पहिल्याच प्रयत्नात. याची गल्लत ‘पहिल्यांदा’ या अर्थाच्या ‘ला प्रम्येर फ्वा’शी होते. पहिल्यांदा गाडी चालवली, हे ‘फ्वा’; पहिल्याच झटक्यात परवाना मिळाला, हे ‘कू’. नुसती वारंवारता मोजायची असेल तर ‘फ्वा’, आणि प्रयत्न मोजायचा असेल तर ‘कू’. ‘आप्रे कू’ म्हणजे मागाहून, घडून गेल्यावर. ‘स्यूर ल कू’ला दोन अर्थ आहेत: अपघातात कोणी ‘स्यूर ल कू’ मेला तर जागच्या जागी मेला, आणि ‘स्यूर ल कू मला काही कळलेच नाही’ म्हटले तर त्या क्षणी कळले नाही.

मग येतो ‘द्यू कू’. शब्दशः ‘त्या फटक्यामुळे’, अर्थ ‘त्यामुळे’, ‘मग’. फ्रान्समध्ये चार वाक्ये ऐकली तर त्यांतल्या दोहोंची सुरुवात याने होते की काय, असे वाटावे इतका तो बोकाळला आहे. फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या आकादेमी फ्राँसेझ या संस्थेनेही ‘म्हणून’ या अर्थाच्या ‘दोंक’च्या जागी तो सरसकट वापरू नये, असे बजावले आहे. माझे मत असे, की बोलताना तो बेलाशक वापरावा, कारण त्याशिवाय बोलणे पुस्तकी वाटते. निबंधात, अर्जात किंवा परीक्षेच्या उत्तरात मात्र ‘दोंक’ किंवा ‘पार कोंसेकाँ’ (‘परिणामी’) लिहावे. एखादी गोष्ट लगेच दुसरीचा परिणाम म्हणून घडली असेल, तेथे ‘द्यू कू’ लेखनातही खपतो.

क्रियापदांशी जखडलेले काही समूह आहेत, ते जसेच्या तसे उचलावेत. ‘सा वो ल कू’ म्हणजे ते करण्याजोगे आहे, कष्टांचे चीज होईल. ‘तनीर ल कू’ म्हणजे तग धरणे. ‘ब्वार अँ कू’ म्हणजे मद्याचा पेला घेण्यासाठी एकत्र बसणे. त्यात मोजून एकच घोट घेण्याचे बंधन नसते. एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्या आपल्या म्हणीतले पक्षी फ्रेंचमध्ये उडून गेले आहेत. तेथे एका दगडात दोन ‘कू’ होतात. ‘तीरे अँ कू’ हा समूह मात्र नवख्याने टाळावा. त्याचा शब्दार्थ गोळी झाडणे असा निरुपद्रवी असला, तरी बोलीत तो अश्लील आहे. गोळीसाठी ‘कू द फ’ हा शब्द सुरक्षित आहे, आणि गंमत म्हणजे उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात तोच शब्द जेवणाच्या वेळच्या ऐन गर्दीसाठी वापरतात.

राजकारणातला ‘कू देता’ शेवटी ठेवला आहे, कारण इंग्रजी वृत्तपत्रे वाचणारा वाचक ‘कू’ म्हटले की थेट तेथेच पोहोचतो. ‘एता’ म्हणजे राज्यसंस्था, आणि त्या अर्थाने त्याचे पहिले अक्षर मोठे लिहिले जाते. लहान लिहिले तर तो ‘अवस्था’ या अर्थाचा शब्द ठरतो. 17 व्या शतकात हा शब्दसमूह राज्यकर्त्याने स्वतः राज्यहितासाठी उचललेल्या अचानक व कठोर पावलासाठी वापरला जात असे. राज्यकर्त्याविरुद्ध बळाने सत्ता बळकावणे हा आजचा अर्थ नंतर रुळला. 9 नोव्हेंबर 1799 रोजी नेपोलियन बोनापार्टने आणि 2 डिसेंबर 1851 रोजी त्याचा पुतण्या लुई-नेपोलियनने केलेली कृत्ये त्या अर्थाचे नमुने आहेत. दुसरा प्रसंग विशेष आहे, कारण तो घडवणारा लुई-नेपोलियन निवडून आलेला राष्ट्राध्यक्षच होता. फ्रेंचमध्ये नुसता ‘कू’ लिहून सत्तापालट सुचवता येत नाही; संदर्भ आधी स्पष्ट नसेल, तर पूर्ण समूह लिहावा लागतो. ‘कू द ग्रास’ या अखेरच्या दयाघाताच्या बाबतीतही इंग्रजीचा कान घातक ठरतो. शेवटचा ‘स’ मूक समजून ‘ग्रा’ म्हटले, तर दयेच्या जागी चरबी येते.

अनोळखी समूह भेटल्यावर काय करावे, हे एका वाक्यावर करून पाहू. ‘इल आ त्रादुई ल तेक्स्त आ कू द दिक्स्योनेर.’ प्रथम ‘द’नंतरचा शब्द पाहावा: शब्दकोश, म्हणजे साधन. मग ‘द’आधी काय आहे ते पाहावे: ‘अँ’ नाही, तर ‘आ’ आहे, आणि लिखित रूपात ‘कू’ला अनेकवचनाचा ‘एस’ लागलेला आहे. म्हणजे फटका एक नसून फटक्यांवर फटके आहेत. शेवटी क्रियापद पाहावे: भाषांतर केले. हातोड्याचे घाव घालत भिंत पाडावी तसे शब्दकोशाचे घाव घालत त्याने त्या मजकुराचे भाषांतर केले, असे चित्र उभे राहते, आणि त्याच्या पानावर कशा प्रकारची वाक्ये उतरली असतील याचाही अंदाज येतो.